जात्याची घरघर आणि गुलाबी आवाज

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

बीड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही मनात आले तर. अशा या जिल्ह्यात अलीकडे एक गंमत पाहायला मिळते. शहरात शिकायला आलेली, भाड्याच्या खोलीत राहणारी मुले रात्री मोबाइलवर पाऊस लावून झोपतात. एक थेंब न पडता आठ तास सलग पाऊस! कुणी धबधबा लावतो, कुणी समुद्र, कुणी नुसताच पंख्याचा आवाज. त्या आवाजांच्या यादीत एक नाव हमखास असते ‘पिंक नॉईज’, म्हणजे गुलाबी आवाज. त्याने गाढ झोप लागते, मन शांत होते, स्मरणशक्ती वाढते, असे त्याखाली लिहिलेले असते.

मी आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवले. त्यामुळे आवाजाला रंग कुठून आला, असे पोरे मला विचारतात. मोठ्या माणसांचा प्रश्न वेगळा असतो. ‘सर, याने खरेच झोप लागते का?’ दोन्ही प्रश्नांची उत्तरे देता येतात. मात्र ती देताना मला दर वेळी तिसराच प्रश्न आठवतो. आपल्या भागात हा आवाज नवा आहे का? तो पूर्वी कोण काढत होते, आणि त्याच्या आधाराने कोण झोपत होते? आज बोलायचे आहे ते या तिसऱ्या प्रश्नाविषयी. पण आधी पहिल्याचा हिशेब पुरा करू.

गाणे ऐकणाऱ्याला सप्तक म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. मंद्र सप्तकातला सा आणि मध्य सप्तकातला सा यांत कंपनांची संख्या दुप्पट होते. मध्यातून तारसप्तकात गेलो की पुन्हा दुप्पट. समजा, एका सप्तकात सेकंदाला शंभर ते दोनशे कंपने आली, तर त्याच्या वरच्यात दोनशे ते चारशे, आणि त्याच्याही वरच्यात चारशे ते आठशे येतील. आता असा आवाज कल्पनेत आणा, की ज्यात कुठलाही एक सूर नाही, सगळे सूर एकदम आणि अस्ताव्यस्त वाजताहेत. प्रत्येक कंपनसंख्येला सारखीच ताकद दिली, तर वरच्या सप्तकात कंपने जास्त असल्याने त्याच्या वाट्याला खालच्यापेक्षा दुप्पट ताकद येते. असा आवाज कानाला चरचरीत लागतो. रेडिओची सुई दोन केंद्रांच्या मध्ये अडकली की जी खरखर येते, ती साधारण याच जातीची. याला ‘व्हाइट नॉईज’, म्हणजे पांढरा आवाज म्हणतात, कारण पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग असतात.

पण ताकदीची वाटणी सप्तकाप्रमाणे केली, मंद्राला जेवढी तेवढीच मध्याला आणि तेवढीच ताराला, तर चरचर कमी होते आणि आवाज भरदार, घोगरा, अंगावर पांघरूण घातल्यासारखा होतो. प्रकाशात तांबड्या बाजूला वजन जास्त पडले तर तो गुलाबी दिसेल, म्हणून हा गुलाबी आवाज. याच्या शोधाची कथाही रेडिओशी जोडलेली आहे. जॉन जॉन्सन या स्वीडनमध्ये जन्मलेल्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1925 मध्ये निर्वात नळ्यांतल्या विजेच्या प्रवाहाची बारीक तपासणी केली. शॉटकी या जर्मन शास्त्रज्ञाच्या सिद्धान्ताप्रमाणे जेवढी खरखर यायला हवी होती, त्यापेक्षा मंद कंपनांच्या बाजूला ती कितीतरी जास्त निघाली. त्या वेळी तिला कुणी गुलाबी म्हणत नव्हते, पण गणित तेच होते. पुढे 1975 मध्ये रिचर्ड व्हॉस आणि जॉन क्लार्क यांनी रेडिओ केंद्रांचे कार्यक्रम तासन्‌तास तपासले. संगीतात आणि बोलण्यात आवाजाची जी चढउतार होते, तीही याच नियमाच्या जवळ जाते, असे त्यांना आढळले.

निसर्गातला गुलाबी आवाज काटेकोर मापात बसत नाही, पण मुसळधार पाऊस, वाहते पाणी, पडते पाणी हे सगळे त्याच्या घरचे. आपल्याकडेही तो आहे. मांजरसुंब्याजवळ डोंगराच्या कुशीत कपिलधार आहे. तिथे मन्मथस्वामींची समाधी आणि शेजारी पाण्याची धार. कार्तिकी पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते. पाटोदा तालुक्यात सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून खाली झेपावते आणि तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे. पाऊस चांगला झालेल्या वर्षी या दोन्ही ठिकाणी थोडा वेळ बसून पाहा. बोलणारा माणूस आपोआप गप्प होतो. पण हे झाले यात्रेकरूंचे, आणि तेही चार महिन्यांचे. उन्हाळ्यात धार करंगळीएवढी होते, आणि दुष्काळात तीही नाही.

बारा महिने, दुष्काळातही, घरोघर होणारा आवाज एकच होता. तो जात्याचा.

माझ्या पिढीने तो लहानपणी ऐकला आहे. बालाघाटाच्या काळ्या पाषाणाची दोन चाके, खालची तळी आणि वरची पाळी. मध्ये खुंटा, आणि खुंट्याला धरलेला एक हात, कधी समोरासमोर बसलेल्या दोघींचे दोन. दुसऱ्या हाताने मूठ मूठ ज्वारी किंवा बाजरी तोंडात टाकायची. दगडावर दगड फिरताना खालून जाड घुमणारा आवाज येतो, आणि त्यात दाणे भरडल्याची बारीक सरसर मिसळते. जात्याचा आवाज उपकरण लावून मोजला तर तो अचूक गुलाबी निघेल, असे मी म्हणणार नाही. जात्याला लय आहे. दर फेऱ्याला तो चढतो आणि उतरतो. पण खालपासून वरपर्यंत सगळे सूर भरलेला, अखंड, अचानक काहीही न करणारा, असा घरातला दुसरा आवाज नव्हता.

आणि त्या आवाजात पोरे झोपत. तान्हे मूल रडू लागले की दळणारी बाई त्याला मांडीवर आडवे घेई आणि दळत राही. मूल दोन-चार फेऱ्यांत डोळे मिटे. इथे नुसता आवाज काम करीत नव्हता, हे लक्षात घ्यायला हवे. आईच्या अंगाची ऊब, तिच्या झुलण्याची लय, जमिनीतून येणारा कंप, वर ओवीचे सूर, असे सगळे मिळून ते होते. तरीही एकसुरी आवाजाचा त्यातला वाटा खरा आहे. लंडनमध्ये 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चाळीस नवजात बाळांचे दोन गट केले होते. वीस बाळांना पांढरा आवाज ऐकवला. त्यांतली सोळा पाच मिनिटांत झोपली. ज्यांना ऐकवला नाही, त्यांच्यापैकी फक्त पाच. आईच्या पोटात बाळ रक्तप्रवाहाचा घोगरा आवाज ऐकतच असते, त्यामुळे शांतता ही त्याच्या दृष्टीने अनोळखी गोष्ट असावी, असेही सांगतात.

मोठ्यांची गोष्ट थोडी वेगळी. झोपेतही माणसाचे कान बंद होत नाहीत. डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. ऑस्वल्ड, टेलर आणि ट्राइसमन या तिघांनी 1960 मध्ये झोपलेल्या माणसांना अनेक नावे ऐकवली. इतर नावांना मेंदूने फारशी दाद दिली नाही, पण स्वतःचे नाव आले की झोपेतही तो खडबडला. म्हणजे झोपेत एक पहारेकरी जागाच असतो, आणि तो सतत ‘काही बदलले का?’ एवढेच तपासत असतो. निःशब्द रात्री कुत्रे भुंकले, तर तो बदल फार मोठा असतो. पण मागे एखादा अखंड आवाज चालू असेल, तर तेच भुंकणे त्यात अर्धेमुर्धे बुडते. पहारेकऱ्याला फरक कमी जाणवतो आणि तो मालकाला उठवत नाही. गुलाबी आवाजाचे मुख्य काम एवढेच. तो गुंगीचे औषध नाही, तो पडदा आहे.

याचा उलटा पुरावा आपल्या जिल्ह्याला अंगभर मिळालेला आहे. साधारण 2005 नंतरची भारनियमनाची वर्षे आठवा. रात्री पंखा घरघरत असे आणि घर झोपलेले असे. वीज गेली, पंखा थांबला, की घर उठून बसे. उकाडा नंतर जाणवायचा. आधी जागे करायची ती शांतता. जात्याचेही तसेच होते. मला आठवते, जाते चालू असेपर्यंत आम्ही भावंडे गाढ झोपलेली असू, आणि ते थांबले की एकेकाची चुळबुळ सुरू होई. दळण संपले म्हणजे उजाडले, हे आम्हाला घड्याळाशिवाय कळे.

इथपर्यंत सगळे गोड आहे. जुन्या आठवणींचे लेख बहुधा इथेच थांबतात. पण इतिहास म्हणून पाहायचे तर पुढचा प्रश्न विचारावाच लागतो. आम्ही त्या आवाजात झोपत होतो, तेव्हा तो आवाज करणारी बाई कधी झोपत होती?

आठ-दहा माणसांच्या घराला रोजच्या भाकरीचे पीठ दळायला दीड-दोन तास तरी लागत. आठवड्याचे एकदम दळून ठेवायचीही सोय नव्हती, कारण बाजरीचे पीठ चार दिवसांत कडवट होते. म्हणून रोज दळण. दिवसा शेत, म्हणून दळण पहाटेचे. कोंबडा आरवायच्या आत उठायचे, दळायचे, मग पाणी, मग चूल, मग शेत. रात्री सगळ्यांची जेवणे उरकून, भांडी आवरून ती आडवी व्हायची सर्वांत शेवटी. हा हिशेब घरात कधी कुणी मांडला नाही, कारण मांडणारे सगळे झोपलेले होते.

ही जुनी गोष्ट आहे, किती जुनी याचा एक पुरावा ग्रंथात आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ आहे. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख त्यात आला आहे. राजाच्या ग्रंथाने ओवीची नोंद घेतली. पण गाणाऱ्या बाईच्या झोपेची नोंद घ्यायला कुणाही राजाला सवड नव्हती. तिची नोंद तिनेच केली, ओवीत. आणि लोकांनी केली, आख्यायिकेत. परळीहून गंगाखेड फार दूर नाही. तिथली जनाबाई पंढरपुरात नामदेवांच्या घरी दळत होती, आणि तिच्यासोबत प्रत्यक्ष विठ्ठल जात्याला बसला, ही कथा घराघरात सांगितली जाते. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचे म्हणून एक जाते आजही दाखवतात. भक्तीची कथा म्हणून ती थोर आहेच. पण तिच्याकडे दळणाऱ्या बाईच्या जागेवरून पाहिले तर आणखी एक अर्थ दिसतो. देवाकडे मागायचे काय, तर पहाटे खुंट्याला आणखी एक हात.

या ओव्या वाऱ्यावर गेल्या असत्या. पुण्यात काम करणाऱ्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. तो संग्रह एक लाखाच्या पुढे गेला. आपल्या माजलगावातही या संग्रहासाठी 1996 मध्ये ध्वनिमुद्रण झाले. तिथल्या भीमनगरातल्या बायांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्या ओव्या त्यात आहेत. पुढे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेने तो संग्रह लोकांसमोर आणायला घेतला. आज कुणालाही त्या ओव्या ऐकता येतात. मला त्यांत एक गोष्ट विशेष वाटते. आपण जिला मुलाला झोपवणारी घरघर म्हणतो, तिच्या आडून या बाया सासर-माहेर, भाऊ, मूल, जात, मान-अपमान आणि बाबासाहेब, हे सगळे बोलून घेत होत्या. घर झोपलेले असे आणि दगडाचा आवाज पडद्यासारखा मध्ये असे, म्हणून बोलता येई. एकाच आवाजाने एकाला झोप दिली आणि दुसरीला एकान्त. दुसरीला मिळालेला एकान्त झोपेच्या किमतीचा होता, एवढाच फरक.

हे कष्ट यंत्रावर सोपवता येतात हे मराठवाड्याला ठाऊक नव्हते असे नाही. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ अठराव्या शतकात, 1744 च्या सुमारास, पाणचक्की उभी राहिली. डोंगराकडून नळाने आणलेले पाणी उंचावरून पाडायचे आणि त्या ताकदीवर जाते फिरवायचे. दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी तिथे पीठ निघे. पाण्याचा धबधबा आणि जात्याची घरघर, दोन्ही गुलाबी भावंडे एका अंगणात आली. आज लोक तिथे हौदाच्या काठी बसून पाण्याचा आवाज ऐकतात आणि बरे वाटले म्हणतात. पण पाणचक्की एक, आणि घरातली जाती लाखो. गावातल्या बाईच्या पहाटेला तिचा काही उपयोग झाला नाही.

तो उपयोग झाला पिठाच्या गिरणीचा. आधी तेलाच्या इंजिनावर चालणाऱ्या गिरण्या आल्या. त्यांचा पुकपुक आवाज शिवारापलीकडे ऐकू जाई. मग वीज आली. परळीचे औष्णिक वीजकेंद्र 1971 मध्ये सुरू झाले, आणि त्याच्या पुढे-मागे गावोगाव तारा पोचल्या. गिरणीच्या ओट्यावर डब्यांची रांग लागू लागली आणि घरातल्या जात्यालाच घरघर लागली. जात्याला टाकी लावणाऱ्या वडार बायांची आरोळी हळूहळू बंद झाली. जाते माळ्यावर गेले, अंगणात पायरी झाले, आणि वर्षातून लग्नाच्या हळदीपुरते आठवू लागले.

जाते गेले म्हणून हळहळणारे पुरुष मी खूप पाहिले आहेत. जाते गेले म्हणून रडलेली बाई मला अजून भेटायची आहे. ओवी गेली याचे दुःख त्यांनाही आहे. पण पहाटेचे दोन तास परत मिळाले, याची किंमत त्यांना जास्त कळते. झोपेचा इतिहास लिहायचा झाला तर बीड जिल्ह्यातल्या बाईच्या झोपेत सर्वांत मोठी भर कुठल्याही मधुर आवाजाने घातलेली नाही. ती गिरणीच्या कर्कश पट्ट्याने घातली आहे.

आता मोबाइलवरच्या पावसाकडे परत येतो. झोपेसाठी मुद्दाम आवाज करणारे यंत्र अमेरिकेत 1962 मध्ये बाजारात आले. जिम बकवॉल्टर नावाच्या विक्रेत्याने ते बनवले. त्याची गोष्ट अशी सांगतात की, प्रवासात उतरलेल्या खोलीत वातानुकूलन यंत्राच्या घरघरीत बायकोला छान झोप लागली आणि घरी आल्यावर लागेना. म्हणून त्याने एक छोटा पंखा डब्यात बसवून नुसता आवाजच विकायला काढला. पुढे ध्वनिमुद्रिका आल्या, मग मोबाइल आले.

शास्त्र काय म्हणते? जर्मनीतल्या संशोधकांनी 2013 मध्ये अकरा जणांवर प्रयोग केला. गाढ झोपेत मेंदूच्या ज्या संथ लाटा उठतात, त्यांच्या नेमक्या चढावर गुलाबी आवाजाचे क्षणभराचे ठोके दिले. लाटा अधिक मोठ्या झाल्या आणि आदल्या संध्याकाळी पाठ केलेल्या शब्दांच्या जोड्या सकाळी जास्त आठवल्या. शिकागोतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने 2017 मध्ये साठ ते चौऱ्याऐंशी वयाच्या तेरा जणांवर तसाच प्रयोग केला आणि तसेच फळ मिळाले. ‘गुलाबी आवाजाने स्मरणशक्ती वाढते’ ही जाहिरात इथून निघाली. पण या प्रयोगांत डोक्याला तारा लावून, मेंदूच्या लाटेशी वेळ जुळवून, क्षणभराचे ठोके दिले होते. रात्रभर मोबाइल वाजत ठेवणे ही त्याहून अगदी निराळी गोष्ट. रात्रभर चालणाऱ्या आवाजाविषयी तोवर झालेल्या अडतीस अभ्यासांचा आढावा 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. पुराव्याचा दर्जा कमी आहे आणि निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, असा त्याचा निवाडा होता. कुणाला फायदा होतो, कुणाला होत नाही.

तोट्याकडेही पाहिले पाहिजे. बाळांना झोपवणारी चौदा यंत्रे कॅनडातल्या डॉक्टरांनी 2014 मध्ये तपासली. पूर्ण आवाजावर, एका फुटाच्या अंतरावर, त्यांतल्या तिन्हींचा आवाज पंच्याऐंशी डेसिबलच्याही वर गेला. कारखान्यात कामगाराला आठ तास एवढ्या आवाजात ठेवायचे तर कानाची काळजी घ्यावी लागते. आपल्याकडच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा पंचेचाळीस डेसिबल आहे. म्हणून ज्यांना आवाज लावून झोपायचे आहे, त्यांनी मोबाइल उशाशी न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा, कानात बोळे घालू नयेत, आणि आवाज इतकाच ठेवावा की शेजारच्याचे हळू बोलणेही ऐकू यावे. तान्ह्या बाळाजवळ तर यंत्र ठेवूच नये.

पण माझा मुद्दा याहून साधा आहे. आवाजाचा पडदा हा झोपेच्या वेळात खंड पडू नये म्हणून असतो. झोपेचा वेळच नसेल, तर पडदा कशाला धरायचा? मोठ्या माणसाला किमान सात तास झोप हवी, असे डॉक्टर सांगतात. ते सात तास कुणाच्या वाट्याला येतात, हे पाहायला लांब जायला नको. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून काही लाख माणसे उचल घेऊन, पोरेबाळे घेऊन, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. उसाच्या फडाजवळ कोप्या पडतात. कोपीतली बाई पहाटे तीन-चारला उठते. भाकरी करते, नवऱ्याबरोबर कोयता घेऊन थळात जाते, दिवसभर ऊस तोडते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहते. रात्री उशिरा गाडी आली तर भरायला पुन्हा उठते. तिच्या कोपीत शांतता नाही म्हणून तिला झोप नाही, असे नाही. दमलेल्या माणसाला ट्रॅक्टरच्या धडधडीतही झोप लागते. तिच्याजवळ तास नाहीत.

जात्याच्या जागी कोयता आला, पण पहाट तीच राहिली. गिरणीने जे दोन तास तिला परत दिले होते, ते हंगामाच्या पाच-सहा महिन्यांत दुसऱ्याने काढून घेतले. हे तास कुठल्याही यंत्रातून मिळणारे नाहीत. दिवसाला किती काम घ्यायचे, रात्री गाडी भरायला लावायची की नाही, कोप्यांजवळ पाणी आणि दिवा आहे की नाही, पोरांना सांभाळायला गावात कुणी आहे की नाही, या सगळ्या गोष्टी ठरवल्या तरच ते परत मिळतील. ठरवणारे कारखाने, मुकादम आणि सरकार आहेत. गुलाबी आवाज तिथे काही करू शकत नाही.

तेव्हा पोरे मला विचारतात, सर, पाऊस लावून झोपावे का? मी सांगतो, बारीक आवाजात खुशाल लावा, परीक्षेच्या दिवसांत शेजारच्या लग्नाच्या बँडपेक्षा तो बरा. आणि त्यांतली जी पोरे ऊसतोड कामगारांची असतात, आणि अशी पुष्कळ असतात, त्यांना आणखी एक गोष्ट सांगतो. आई हंगामाहून परत आली की पहिले आठ दिवस पहाटे तिच्या आधी तुम्ही उठा, चहा ठेवा, आणि भांड्यांचा आवाज होऊ देऊ नका.